गळा आवळणे ही ‘किरकोळ मारहाण’ नव्हे

नवऱ्याने गळा दाबला, अशी तक्रार घेऊन बाई पोलीस ठाण्यात येते. अंमलदार तिच्या मानेकडे पाहतो. वळ नाही, रक्त नाही. मग पुष्कळदा अदखलपात्र गुन्ह्याची नोंद होते, ‘एन.सी.’चा कागद हाती पडतो आणि बाईची त्याच घरी पाठवणी होते. थपडेची जी किंमत, तीच गळा आवळण्याची! हा आंधळेपणा जीवघेणा आहे.

मानेतील रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या की सुमारे १० सेकंदांत शुद्ध हरपते. दाब कायम राहिला तर काही मिनिटांत मृत्यू ओढवतो. हात सुटला म्हणून धोका टळत नाही. रक्तवाहिनीचे अस्तर फाटून गुठळी धरू शकते आणि काही दिवसांनी पक्षाघात होऊ शकतो. वळाची गोष्ट तर विचारूच नये. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे अशी ३०० प्रकरणे तपासून २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या स्त्रियांच्या अंगावर एकही खूण दिसली नव्हती. सावळ्या वर्णावर तर खुणा आणखीच लपतात. त्याच देशातील २००८ च्या अभ्यासानुसार, अत्याचार सोसणाऱ्या इतर स्त्रियांच्या तुलनेत, पूर्वी गळा आवळला गेलेल्या स्त्रीचा खून होण्याची शक्यता ७ पटींहून अधिक असते. पुढच्या खुनाची याहून स्पष्ट पूर्वसूचना कोणती हवी?

आपल्याकडे मात्र ही पूर्वसूचना मोजलीसुद्धा जात नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण गळा दाबणे आणि जाणूनबुजून भाजणे या दोन गोष्टी एकाच प्रश्नात गुंडाळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही या कृत्यासाठी स्वतंत्र कलम नाही. कलम १०९ खाली खुनाचा प्रयत्न सिद्ध करावयाचा तर हेतू किंवा जाणीव दाखवावी लागते. आणि गळा धरणाऱ्याचा बचाव ठरलेला असतो : मारायचे नव्हते, फक्त धाक दाखवायचा होता. खरे तर हीच त्याच्या गुन्ह्याची कबुली आहे! ‘तुझा श्वास माझ्या मुठीत आहे’ हे बायकोला पटविण्यासाठीच तो गळा धरतो. पण हेतूच्या या वादात प्रकरण साध्या दुखापतीवर घसरते.

कायदे पुरेसे आहेत, अंमलबजावणी हवी, असे काही शहाणे सांगतात. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. जिवाला धोका आणणारी इजा कलम ११६ प्रमाणे आजही ‘जबर दुखापत’ ठरते आणि नवऱ्याच्या क्रौर्यासाठी कलम ८५ आहे. ती लावण्यास पोलिसांना कोणी अडविले आहे? परंतु ज्या गुन्ह्याला नाव नाही तो ठाण्यातील वहीत दिसत नाही, हेही तितकेच खरे. इंग्लंड व वेल्समध्ये २०२१ च्या कायद्याने हा स्वतंत्र गुन्हा ठरविला आणि ७ जून २०२२ पासून तो अमलात आला. भारतीय स्त्रीचा श्वास काय स्वस्त आहे?

कायदा होईल तेव्हा होईल. वस्तीतील भांडण मिटविण्यासाठी प्रथम बोलावले जाते ते कार्यकर्त्यांनाच. संसार मोडू नये म्हणून समेट घडविण्याची त्यांची सवय अशा प्रसंगी बाईच्या जिवावर बेतते. त्यांनी आधी स्पष्ट विचारावे : गळ्यावर हात टाकला होता का? आवाज बसला आहे का, गिळताना दुखते का, डोळ्यांत रक्ताचे ठिपके आले आहेत का, शुद्ध गेली होती का, कपड्यांत लघवी झाली होती का? गळा दाबला गेला असेल तर, खूण असो वा नसो, तिला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि ‘गळा दाबला’ हे शब्द केसपेपरवर लिहून घ्यावेत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली उपचार नाकारता येत नाहीत, आणि न्यायदंडाधिकाऱ्याकडून तातडीचा संरक्षण आदेशही मिळविता येतो.

गळा धरणाऱ्याशी समेट नाही, एवढा एक नियम प्रत्येक शाखेने पाळला तरी काही स्त्रिया जिवंत राहतील.