रिद्धपूर : भाषा घेतली, विचाराचे काय?

२०२३ च्या अर्थसंकल्पात घोषित झालेले मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूरला सुरू झाले. आम्ही परतवाड्याचे लोक, रिद्धपूरचे शेजारी. आनंद आहेच, पण शासनाने चक्रधरांची भाषा घेतली, विचाराचे काय?

तेराव्या शतकात चक्रधरांनी वेदप्रामाण्य नाकारले, स्त्री-शूद्रांना संन्यासाचे दार उघडले, विटाळ झुगारला. म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’ रिद्धपूरलाच घडले. संस्कृत न जाणणाऱ्या म्हातारीलाही कळावे म्हणून नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला. तेथे मराठी म्हणजे ज्ञानावरील मक्तेदारीला दिलेले आव्हान होते.

मग जात का मोडली नाही? कारण हा विचार समाजात पसरण्याऐवजी मठात बंदिस्त झाला. ग्रंथ सांकेतिक सकळ लिपीत गेले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत झाकलेलेच राहिले. उपदेश घेतलेल्या गृहस्थाची जातही सहसा सुटली नाही. म्हणूनच चक्रधरांनंतर साडेसहाशे वर्षांनी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, याच जिल्ह्यात अंबादेवी मंदिर प्रवेशासाठी अस्पृश्यांना परिषद भरवावी लागली. अध्यक्ष होते बाबासाहेब!

धर्मसुधारणा सवर्णांच्या मनपरिवर्तनाची वाट पाहते. संविधानाचे कलम १७ अस्पृश्यता पाळणाऱ्याला गुन्हेगार ठरवते. हक्क आणि उपकार यांतला फरक तो हाच.

म्हणून आमची मागणी साधी आहे. या विद्यापीठात ‘लीळाचरित्रा’चे केवळ व्याकरण नको, त्यातला विटाळाचा नकारही शिकवा. आणि ‘मूकनायक’, ‘बहिष्कृत भारत’ यांची मराठी अभ्यासक्रमात मानाने बसवा. नाहीतर चक्रधर पुन्हा एकदा सांकेतिक लिपीतच बंद होतील.