चिऊ, जरा हळू बोल ना!

संध्याकाळची ठाणे स्लो, लेडीज डबा, आणि मला चक्क चौथी सीट. मांडीवर चिऊ. समोर एक चांगल्या भरल्या अंगाच्या काकू. चिऊने त्यांना दादरपासून सायनपर्यंत नीट न्याहाळलं आणि अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मावशी, या काकूंच्या पोटात बाळ आहे की नुसतंच जेवण?"

मटार सोलणारे हातसुद्धा थांबले हो! लेडीज डब्यात एवढी शांतता मी आयुष्यात ऐकलेली नाही. काकूच शेवटी म्हणाल्या, "जेवण गं बाई, नुसतं जेवण!" सगळा डबा हसला. मी मात्र मुलुंड येईपर्यंत बाबा बंगालीची जाहिरात पाठ करत बसले.

चिऊ म्हणजे माझ्या ताईची मुलगी. वय चार, व्हॉल्यूम कंट्रोल नाही. लेख दोन दिवस लेट असताना एडिटरचा फोन हिनेच उचलला होता. "मावशी म्हणतेय ती घरी नाहीये." आम्हाला मास कॉमला शिकवलं होतं की सोर्स कधी उघड करायचा नाही. चिऊ प्रत्येक बातमी सोर्ससकट देते. 'आई म्हणाली', 'बाबा म्हणाले', 'मावशी म्हणाली'. नीट बघितलं तर यातलं तिचं स्वतःचं फार कमी असतं. वाक्यं आपलीच, फक्त चुकीच्या जागी.

यामागे एक फंडा आहे. 1983 साली विमर आणि पेर्नर या दोन मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. मॅक्सी नावाचा मुलगा कपाटात चॉकलेट ठेवून बाहेर जातो. त्याच्यामागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन-साडेतीन वर्षांची मुलं बिनधास्त सांगतात, दुसऱ्या कपाटात! चॉकलेट तिथेच आहे ना, मग त्यालाही ते माहीतच असणार. मी कॅडबरी आणि फ्रिज घेऊन हा प्रयोग चिऊवर केला. ती नापास झाली आणि कॅडबरी खाऊन टाकली. थोडक्यात, तिला जे माहितीये ते सगळ्या जगाला माहितीये. मग सिक्रेट कशाला म्हणायचं?

हे मला ताईच्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीच्या आधी कळायला हवं होतं.

थाळीवाल्या हॉटेलात आम्ही दहा जण. काकूंना नवीन साडी, भावजी वाढप्याला "आईंना अजून एक पुरणपोळी" सांगतायत, सगळं कसं मस्त चाललेलं. आणि चिऊ म्हणाली, "आजी, तू नाशिकला काकाकडे राहायला गेलीस ना, की तुझी खोली माझी. गुलाबी रंग देणार. आई म्हणाली."

कुणीच हसलं नाही.

काकूंना कुणी काही सांगितलंच नव्हतं. दिवाळीनंतर बघू, असं ताई-भावजींचं चाललं होतं. ताई वाईट नाही हो. टू बीएचके घर, दोघांच्या नोकऱ्या, चिऊची शाळा, काकूंचे गुडघे. तिची बाजू मी तुम्हाला तासभर समजावून सांगू शकते, कारण मीही त्यात होते. शेड कार्ड मीच आणलं होतं. तो गुलाबीसुद्धा मीच निवडला होता, चिऊला मांडीवर घेऊन, आणि काकू तेव्हा पलीकडच्या खोलीत पडल्या होत्या.

काकूंनी पोळीवर तूप घेतलं. "गुलाबी नको गं, मळतो," त्या चिऊला म्हणाल्या. मग ताईकडे न बघताच, "आपल्या घराच्या भिंती फार पातळ आहेत. मला दोन महिने झाले माहितीये. म्हटलं, कोण सांगतंय बघू."

म्हणजे या वेळी चिऊचं बरोबर होतं. आजीला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते आम्हाला.

बिल देऊन, मुखवास खाऊन आम्ही रिक्षांनी घरी आलो. सगळ्या रस्त्यात कोणी बोललं असेल तर चिऊ. घरी आल्यावर काकूंनी चष्मा लावला आणि मला म्हणाल्या, "ते रंगाचं कार्ड आण बघू." आणि ताईला, "तू आत ये जरा." दार बंद झालं ते तासभर उघडलं नाही. भावजी बातम्या लावून बसले होते, टीव्हीचा आवाज बंद. मी सिंकमधली सकाळची भांडी घासली. माझ्या घरीसुद्धा मी भांडी घासत नाही.

चिऊ दाराला कान लावून उभी होती. मला राहवेना. तिच्याजवळ जाऊन बसले आणि हळूच विचारलं, "काय म्हणतायत गं?"

तिने माझ्याकडे बघितलं. जरा विचार केला.

"नाही सांगणार," चिऊ म्हणाली. पहिल्यांदाच इतक्या हळू.