पाणी पिऊन ताटकळणं
प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी रोज रेडिएशन घेणाऱ्याला किरणांपेक्षा धास्ती असते ती लघवीची. पोट साफ आणि मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे आतडी वर सरकतात, मूत्राशयाचाही बराचसा भाग माऱ्यातून सुटतो. म्हणून ठरलेलं पाणी पिऊन थांबायचं, आणि नेमकं तेव्हाच मशीन अडतं! बाकावर साठी-सत्तरीचे काका गुडघे आवळून बसलेले. आत पायजम्याची नाडी सोडून झोपायचं, कमरेवरच्या गोंदणाच्या ठिपक्यांवर लेसरची रेघ जुळवली जाते आणि लेकीच्या वयाची टेक्निशियन म्हणते, ‘काका, हलू नका.’ लाज आठवडाभरात संपते. यंत्र भोवती फिरतं. दुखत काहीच नाही. पूर्वी सात-आठ आठवडे चालणारं हे प्रकरण आता बऱ्याच जणांचं २० बैठकांत, म्हणजे चार आठवड्यांत आटोपतं. ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे २०१६ साली आलेले निष्कर्ष त्यामागे आहेत. गावाकडून येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत उतरलेल्यांना त्याचं मोल विचारा. थकवा, जळजळ, रात्री पुन्हापुन्हा उठणं हे मागाहून सुरू होतं. बहुतेकदा त्यावर गोळ्या असतात, पण डॉक्टरांना सांगावं तर लागतं, आणि आमच्या पुरुषांची तिथेच बोंब.