हवेतला हिशेब

विमानवाल्यांचा तास आणि माणसांचा तास या निरनिराळ्या चिजा आहेत, हे माझे जाहीर मत आहे. "नागपूर-मुंबई? दीड तास!" असं तिकीटवाला ऐटीत सांगतो. दोन तास आधी सोनेगावला जाऊन बसणं आणि उतरल्यावर अंधेरीहून ठाणं गाठणं कुणाच्या खात्यावर? भाजीला पाच मिनिटं म्हणायचं आणि निवडणं-चिरणं शेजारणीकडे, तसलं हे!

बरं, वेळ सोसू. पण अंतराचं काय? नागपूर-बँकॉक सरळ रेघेत सुमारे २४०० किलोमीटर, तेही पूर्वेला. मुंबईमार्गे जायचं तर आधी जवळजवळ ७०० किलोमीटर उलटं पश्चिमेला आणि मग तिथून ३०००. म्हणजे तेराशे किलोमीटरची प्रदक्षिणा, पदरचे पैसे मोजून! आणि आमच्या गावात झिरो माईलचा खांब उभा. इथून अंतरं मोजा म्हणे.

१९४९ साली रात्रीची टपालविमानं सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चहूकडची विमानं मध्यरात्री सोनेगावला जमत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परत. पाकिटाला मधोमध असण्याचा फायदा मिळाला, बाप्पा! मग माणसानं काय घोडं मारलंय?

"नागपूरला प्रवासी कमी," हे ठरलेलं उत्तर. कमी कसले? शारजा-दोह्याची थेट विमानं इथूनच उडाली ना? बाकीचे प्रवासी मुंबईच्या रांगेत उभे आहेत, आणि मोजणारा त्यांना मुंबईकर म्हणून मोजतो आहे.