भाषा कानानं शिकावी लागते

संपादक महोदय,

भाषांतराचं यंत्र खिशात असताना जवानांना चिनी शिकवणं ही गलवानच्या चकमकीनंतरची हौस आहे, हे आपल्या अंकातल्या लेखातलं मत चूक आहे. संरक्षण मंत्रालयाची स्कूल ऑफ फॉरेन लँग्वेजेस दिल्लीत १९४८ पासून आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतही परकीय भाषा शिकवतात.

मी स्वतः पचमढीला लष्कराच्या शिक्षण केंद्रात चिनी शिकलो. तिथं 'माय' हा उच्चार खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणं, झटक्यात खाली टाकला तर विकणं. हा फरक कानात बसेपर्यंत रात्र रात्र घोकलं. सीमेवर चुशूल किंवा नथू लाच्या बैठकीत समोरचे चिनी अधिकारी आपसात काय कुजबुजले, हे दुभाष्याचा कान टिपतो. तिथं मोबाइल पुढं धरणार का?

खेड्यातल्या पोरांना हे झेपत नाही, हे त्या लेखातलं वाक्य मात्र जिव्हारी लागलं. शिरूर अनंतपाळचं पोरगं पलटणीत जाऊन हिंदी शिकतं, शेजारच्या खाटेवरच्याची पंजाबीही उचलतं. त्याला चिनी का येणार नाही? लेखकानं अशा एका तरी जवानाशी बोलून मग लिहायला हवं होतं.

आपला,
एक माजी सैनिक
शिरूर अनंतपाळ, जि. लातूर