रानाची वर्गणी

दिवाळीच्या अंकात कराविषयी लिहिणे म्हणजे फराळाच्या ताटात कडुनिंबाचा पाला वाढणे, हे मला ठाऊक आहे. तरीही लिहितो. मी मुळशी खोऱ्यातला एक शाळामास्तर. विद्या मॅट्रिकपुरती, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिण्याची खोड. कायद्याचा पंडित मी नव्हे. पण गेल्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत जे ऐकले, ते मनातून जात नाही.

आमच्या गावाला एक देवराई आहे. तिच्या पोटातला झरा उन्हाळ्यात अर्ध्या गावाला पाणी देतो. राईतली वाळकी काटकीही घरी नेऊ नये, असा वाडवडिलांचा दंडक. यंदा देवळापुढे सिमेंटचा सभामंडप बांधायचे ठरले. आठ दिवसांत वर्गणी जमली. तरी थोडे कमी पडले, तेव्हा राईतली चार झाडे विकावीत असे कुणीतरी सुचवले आणि माना डोलल्या. मी उठून म्हणालो, "मंडपाला वर्गणी, मग राईला का नको? पंचायतीने तिच्यासाठी निधी काढावा." एक वडीलधारे गृहस्थ हसून म्हणाले, "मास्तर, रान आपसूक वाढतं. त्याला कसला आलाय पैका?"

रान आपसूक वाढते, खरे. परंतु ते आपसूक राखले जात नाही. राखणीची किंमत पूर्वीही होती, आणि देवाच्या धाकाने प्रत्येक घर ती भरत होते. हाताशी असलेले लाकूड न तोडणे, हा करच होता. आता धाक सरला आणि जमिनीला सोन्याचा भाव आला. जुना कर बुडाला, नवा आपण बसवला नाही.

कायदा नाही म्हणावे, तर तोही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आणि स्थानिक जैवविविधता निधीची तरतूद केली. पण मूळ कायद्याची भाषा पाहा. राज्य सरकार या निधीला रक्कम 'देऊ शकेल'. द्यावीच, असे नाही! २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातली, तेव्हा समित्या नेमण्याची धावपळ झाली. समिती कागदावर नेमता येते. राखणदाराचा पगार कागदावर देता येत नाही.

समितीला शुल्क घेता येते, ते व्यापारासाठी वनस्पती वगैरे नेणाऱ्यांकडून. पण आमच्याकडे येणारा पाहुणा रानातले काही नेत नाही. तो रानच पाहायला येतो. पावसाळी रविवारी ताम्हिणी घाटात मोटारींची रांग लागते. मंडळी धबधब्याखाली भिजतात, बाटल्या मागे टाकतात आणि रात्री पुण्याला परततात. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात यात्रेकरूंवर कर बसवण्याची सोय आहे. देवाच्या यात्रेकरूने द्यावे आणि पावसाच्या यात्रेकरूने देऊ नये, हा कुठला न्याय? कोस्टारिकासारखा चिमुकला देश १९९६ च्या वनकायद्यानुसार इंधनावरील कराचा वाटा रान राखणाऱ्या जमीनमालकांना देऊ लागला. आपल्याला एवढे जमू नये?

"पैसे जमले तर खाणार कोण?" असे काहीजण विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याला माझे उत्तर असे की, मंडपाच्या वर्गणीचा हिशेब जसा देवळाच्या भिंतीवर लागतो, तसा राईचा हिशेब चावडीवर लावावा. चोराच्या भीतीने कुणी घरच बांधत नाही, असे होत नाही.

मुळशीला देणे नवे नाही. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालेच. भातखाचरे बुडाली, पाणी भिऱ्याच्या वीजघरात उतरले आणि वीज मुंबईला गेली. आमच्या पाण्याची किंमत दुसऱ्यांनी ठरवली. उरलेल्या रानाची किंमत तरी आम्ही ठरवू नये काय?

म्हणून वाचकहो, मागणे तीनच. गावकऱ्यांनी ग्रामसभेत राईच्या निधीचा ठराव करून पहिला रुपया स्वतः घालावा. शहरातल्या पाहुण्यांनी घाटात पावती फाडताना कपाळाला आठी घालू नये. आणि दोघांनी मिळून आपल्या आमदाराला विचारावे, की 'देऊ शकेल' या शब्दांच्या जागी 'दरसाल देईल' असे शब्द कधी येणार? लोक मागत नाहीत तोवर कायद्यातला शब्द हलत नाही.

झाडांचा निर्णय पुढच्या सभेवर गेला आहे. येत्या २६ जानेवारीला मी ठराव पुन्हा मांडणार. गेल्या खेपेला अनुमोदनाला एकही हात वर झाला नव्हता. ती चार झाडे अजून उभी आहेत, आणि झरा वाहतो आहे.