पडद्यावरचा डॉक्टर कायद्यात आणा!

२५ मार्च २०२०. देशात टाळेबंदी सुरू झाली त्याच दिवशी केंद्र सरकारने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि फोनवरून, व्हिडिओवरून रुग्णाला औषध सांगण्याची रीतसर मुभा डॉक्टरांना मिळाली. टाळेबंदी उठली, मुभा मात्र अधांतरीच राहिली. ती जोडली आहे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेला. त्या संहितेचा मूळ कायदा २०२० मध्येच रद्द झाला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २ ऑगस्ट २०२३ ला नवी नियमावली काढली आणि २३ ऑगस्टला स्वतःच स्थगित केली! ई-संजीवनी या ज्या सरकारी दूरसल्ला सेवेतून कोट्यवधी सल्ले दिल्याचा डंका सरकार पिटते, तिचा पाया इतका तकलादू ठेवण्याची लाज कुणालाच कशी वाटत नाही?

सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर जा. उपकेंद्रातली समुदाय आरोग्य अधिकारी म्हातारीचा रक्तदाब मोजते, ई-संजीवनीवर डॉक्टरला गाठते. डॉक्टर पडद्यावर येतो न येतो तोच रेंज जाते. पुन्हा लावा, पुन्हा थांबा. अखेर औषधाची चिठ्ठी येते, तर कपाटात गोळीच नसते. म्हातारीची मजुरी बुडते ती बुडतेच. याला आरोग्यसेवा म्हणायचे?

फोनवरच्या उपचारात धोका आहे, हे आम्हालाही मान्य आहे. रत्नागिरीतील एका बाळंतिणीच्या मृत्यूप्रकरणी मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये न तपासता औषध सांगण्यावर कडक ताशेरे ओढले, ते योग्यच होते. म्हणून तर पक्का कायदा हवा! अमली द्रव्य कायद्याखालची बहुतेक औषधे फोनवरून देण्यास आजही मनाई आहे. असे नियम आणखी कडक करा. पण धोक्याचे निमित्त करून दार लावाल, तर ज्या गावात डॉक्टर नाही ते गाव तुम्ही भोंदूंच्या हवाली कराल.

दूरसल्ला हा रुग्णाचा हक्क आहे, असे संसदेने कायद्यात लिहावे. लिहून दिलेली गोळी त्याच उपकेंद्रात मिळाली पाहिजे. स्मार्टफोनची अट नको. मनाच्या आजारांसाठी १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून साध्या फोनवर चालतोच आहे. आणि मोजदाद कॉलची नको, औषध हाती पडलेल्या रुग्णांची करा.

महाराष्ट्रातून लोकसभेत ४८ खासदार जातात. येत्या अधिवेशनात त्यांनी आरोग्यमंत्र्यांना उभे करावे आणि या कायद्याची तारीख मागावी.